आष्टीच्या तळ्याचं मस्टर

आष्टी म्हटलं की कुणाला बीडकडची आष्टी आठवते, कुणाला वर्ध्याकडची, जिथं १९४२ ला गोळीबार झाला. मी म्हणतोय ती आपल्या सोलापूर जिल्ह्यातली. आज मोहोळ तालुक्यात आहे, इंग्रजांच्या काळात माढे तालुक्यात होती. कुर्डुवाडीहून पंढरपूरच्या गाडीत बसायचं, मोडनिंबला उतरायचं आणि पुढं वडाप धरायचं. दरसाल एक जानेवारीला ट्रक भरून कोरेगावला जाणारी आपली पोरं ह्या आष्टीला जात नाहीत. जाण्यासारखं तिथं काय आहे, असं विचारतात. म्हणून हे लिहितोय.

तिथं एक तळं आहे आणि एक लढाई आहे. लढाई पुस्तकात सापडते. तळं धरणांच्या यादीत सापडतं. तळं ज्यांनी खणलं ते कशातच सापडत नाहीत.

आधी जागा सांगतो. डोंगर नाही. पण आपला हा सगळा मुलूखच उंच माळ आहे, समुद्रापासून दीडएक हजार फूट वर. ढग सह्याद्रीवर रिकामे होऊन इकडं येतात, म्हणजे आपल्या वाट्याला खरकटं पाणी. वर्षाला वीस-पंचवीस इंच पडलं तर पडलं. बाभळ, खुरटं गवत, पांढरी ढेकळं, आणि आता उसाचे पट्टे. ह्या माळावरून जाताना एकदम समोर पाणी येतं. दुसरा काठ नीट दिसत नाही एवढं पाणी. पक्षी बसलेले. मासेमारीची जाळी पसरलेली. बघून माणूस खूष होतो. मीही झालो, खोटं कशाला सांगू.

आता लढाई. १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीला आणि मग येरवड्याला मार खाऊन दुसरा बाजीराव पुणं सोडून पळाला. एक जानेवारी १८१८ ला कोरेगाव झालं. तिथं कॅप्टन स्टाँटनच्या पलटणीनं पेशव्याची फौज दिवसभर थोपवून धरली. त्या स्तंभावर आपली नावं आहेत, शेवटी ‘नाक’ असलेली. ते तुम्हाला मी सांगायला नको. पण कोरेगावानं पेशवाई बुडाली असं जे आपण स्टेजवर ठोकून देतो, त्यात थोडी घाई होते. कोरेगावानंतर बाजीराव पळतच राहिला. खाली कर्नाटकाकडं गेला, वळून परत वर आला, सोलापूरच्या बाजूनं पंढरपुराच्या अंगाला निघाला. पाठीवर जनरल स्मिथ. इकडं ११ फेब्रुवारीला एल्फिन्स्टननं साताऱ्याहून जाहीरनामा काढून टाकला की पेशव्याचं राज्य संपलं. राजा अजून पळतोय आणि राज्य संपल्याचा कागद निघालाय!

२० फेब्रुवारी १८१८ ला आष्टीजवळ स्मिथनं गाठलं. ग्रँट डफनं लिहिलंय की बातमी आली तेव्हा पेशवा जेवणावर होता. सेनापती बापू गोखल्यांना त्यानं टोचून निरोप धाडला, की शत्रू इतका जवळ आला तरी तुम्हाला पत्ता नाही? गोखले समजून चुकले. मोजक्या स्वारांनिशी ते इंग्रजांच्या घोडदळावर पडले आणि तिथंच मेले. स्मिथलाही डोक्याला जखम झाली. बाजीराव पालखी सोडून घोड्यावर बसला आणि निसटला. त्याच्या ताब्यात असलेले साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह, त्यांची आई, त्यांचे भाऊ इंग्रजांच्या हाती लागले. म्हणजे पेशव्याची तलवार आणि पेशव्याच्या सहीमागची गादी, दोन्ही एका दिवशी ह्या माळावर गेली. पुढं मे महिन्यात मनरोनं सोलापूरचा किल्ला घेतला, आणि तीन जूनला बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. सालिना आठ लाखांचा तनखा घेऊन बिठूरला जाऊन बसला. तेहतीस वर्षं बसला. गोखले मेले आणि मालक तनखा खात जगला. गिरणीत काम केलेल्या माणसाला ह्यात नवीन काही वाटणार नाही.

ह्या लढाईत आपण कुठं? सरळ सांगतो. आष्टीची लढाई घोडदळाची. इंग्रजांकडून गोऱ्यांचे ड्रॅगून आणि मद्रासचं घोडदळ. आपली माणसं होती ती मुंबईच्या पायदळ पलटणीत. तेव्हा आष्टीत स्तंभ शोधू नका, ‘नाक’वाली नावं शोधू नका. आणि कुणी शोधून काढल्याचं छातीठोकपणे सांगू लागला तर कागद दाखव म्हणा. आपला इतिहास आपण कागदावर मागायला शिकलो नाही, तर उद्या दुसरे आपल्याला कागद दाखवून गप्प बसवतील.

पण फौज जिथनं जाते तिथं फक्त फौज नसते. त्या काळी छावणी पडली की गावच्या महाराला वेठीला धरायचे. गवत आण, सरपण आण, ओझं उचल, पुढच्या गावची वाट दाखव. पेशव्याच्या माणसानं धरलं तरी आणि साहेबाच्या माणसानं धरलं तरी. ह्याची मजुरी नाही, ह्याची नोंद नाही. लढाईच्या पुस्तकात घोडे किती ते असतं. गवत कुणी कापलं ते नसतं.

तळं लढाईच्या वेळी नव्हतं. हे गावातल्या शिकलेल्या पोरालासुद्धा सांगावं लागलं. त्याला वाटत होतं बापू गोखले तळ्याच्या काठावर लढले. तळं आलं साठ वर्षांनी, दुष्काळातनं.

१८७६ चा पाऊस गेला. दख्खन सगळी होरपळली, त्यात सोलापूर जिल्हा पहिल्या फळीत. आणि लक्षात घ्या, रेल्वे होती. १८५९-६० मध्येच गाडी आपल्याकडून सोलापूरला गेलेली. कुर्डुवाडीच्या स्टेशनाला तेव्हा बार्शी रोड म्हणायचे. म्हणजे धान्य येत होतं. वॅगनी भरून येत होतं. ज्याच्याकडं पैसा होता त्याच्यासाठी येत होतं. शेतात काम नाही म्हणजे हातात मजुरी नाही, आणि मजुरी नाही म्हणजे स्टेशनावर धान्याच्या थप्प्या असल्या तरी घरात चूल नाही. माणसं धान्याच्या वासावर मेली. अख्ख्या इंग्रजी मुलखात त्या दोन वर्षांत पन्नास लाखांवर माणूस गेला असं मानतात. आणि त्याच वेळी, एक जानेवारी १८७७ ला, दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं. एक जानेवारी ही तारीख आपल्या लोकांनी दोन्ही बाजूंनी ध्यानात ठेवावी.

सरकारनं दुष्काळी कामं काढली. रस्ते, कालवे, तळी. सोलापूरजवळचं एकरुखचं तळं आधीच, १८७१ ला, झालेलं होतं. आष्टीचं काम दुष्काळात निघालं. पोटासाठी माळावरची माणसं टोपल्या घेऊन आली. मग कलकत्त्याहून सर रिचर्ड टेंपल आला, व्हाइसरॉयनं धाडलेला. त्याचं काम एकच, खर्च कमी करणं. त्यानं हिशेब काढला की मजूर गड्याला दिवसाला एक रत्तल धान्याची किंमत आणि वर थोडे पैसे दिले तरी तो काम करू शकतो. बाईला त्याहून कमी. एक रत्तल म्हणजे अर्ध्या किलोलाही कमी. पोराबाळांना घालून उरलं ते खायचं आणि उन्हात माती वाहायची. पुढं हाच टेंपल मुंबईचा गव्हर्नर झाला.

इथं एक गोष्ट घडली जी शाळेत शिकवत नाहीत. १८७७ च्या सुरुवातीला मुंबई इलाख्यात दुष्काळी कामावरच्या हजारो मजुरांनी काम टाकलं. मजुरी कापली म्हणून, आणि गावाजवळची लहान कामं बंद करून लांबच्या मोठ्या कामांवर हाकललं म्हणून. युनियन नाही, लाल बावटा नाही, निळा नाही. उपाशी माणसं टोपली खाली ठेवून चालती झाली. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू घेऊन सरकारला पत्रं लिहिली हे खरं, ते नाकारायचं कारण नाही. पण टोपली सार्वजनिक सभेच्या डोक्यावर नव्हती. गिरणी कामगारांच्या संपाचा इतिहास सांगताना आपण मुंबईपासून सुरुवात करतो. माझं म्हणणं, माळावरच्या ह्या संपापासून करा.

सोलापूरची पहिली गिरणी, जिला पुढं जुनी गिरणी म्हणू लागले, तीही १८७७ च्याच सुमारास सुरू झाली. हा काय योगायोग म्हणायचा? माळावरनं उखडलेला माणूस एक तर बांधावर गेला नाहीतर भोंग्याकडं. बांधावर मुकादम, भोंग्याखाली जॉबर. मी ज्या सूतगिरणीत आहे तिथं मी बदली. रिंग खात्यात सायडर म्हणून उभा राहतो. धागा तुटला की सांधायचा, परत तुटला की परत. बदलीवाल्याचं नाव पक्क्या मस्टरवर नसतं. वेगळी वही असते, आणि त्या वहीतलं नाव खोडता येतं. म्हणून मला मस्टर ह्या शब्दाची खाज आहे. कुठंही मोठं बांधकाम दिसलं की डोक्यात पहिला प्रश्न येतो, ह्याचं मस्टर कुठंय?

त्याच १८७७ सालात सावित्रीबाई जुन्नरकडं दुष्काळात राबत होत्या. २० एप्रिलला ओतूरहून त्यांनी जोतीरावांना लिहिलेलं पत्र आपल्याकडं आहे. एका बाईनं लिहिलं म्हणून त्या दुष्काळातल्या माणसांचा चेहरा थोडा तरी दिसतो. आष्टीला असं कुणी लिहिणारं नव्हतं.

बांधावरनं मी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. साडेबारा हजार फुटांच्या वर लांबी, म्हणजे पावणेचार किलोमीटरहून जास्त. उंची सत्तावन्न-अठ्ठावन्न फूट. सगळी माती, आणि पाण्याच्या बाजूला दगडाचं पिचिंग. धरणांच्या यादीत पुरं झाल्याचं साल १८८३ लिहिलंय. पाळीत मी साच्यांच्या मधनं ह्याहून जास्त चालतो, त्यामुळं पाय दुखले नाहीत. पण चालताना मन एका हिशेबाला लागलं. एका टोपलीत माती किती? माणूस एका खेपेला किती उचलणार, त्यात पोटात एक रत्तलाच्या आतलं धान्य. सत्तावन्न फूट वर चढायचं, ओतायचं, उतरायचं. जेसीबी नाही, डंपर नाही. ज्या बांधावर मी शीळ घालत चाललो तो टोपली-टोपलीनं रचलेला आहे, आणि त्यातली प्रत्येक टोपली कुणाच्या तरी मानेवरनं गेलेली आहे. ती मान कुणाची? दुष्काळात आधी कोण कामावर येतं? ज्याच्याकडं विकायला बैल नाही, गहाण टाकायला वावर नाही, भांडं मोडायला वाणी उधार देत नाही, तो. महार, मांग, आणि त्यांच्या मागोमाग बुडालेला कुणबी, धनगर. जात बघून दुष्काळ येत नाही म्हणतात. येतो. रांगेतला नंबर जातीनं लागतो.

काठाजवळच्या वस्तीत एक आज्जी पडवीत बसली होती. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. मी जयभीम घातला.

“कुठनं आलास रं लेकरा?”

“कुर्डुवाडीहून आज्जी. तळं बघायला.”

“तळ्यात काय बघायचंय? पाणी हाय.”

“ह्यो बांध कुणी घातला म्हणायचा?”

“सायबानं.”

“आन् माती कुणी टाकली?”

आज्जी माझ्याकडं अशी बघायला लागली, जसा मी खुळा आहे. “माती आपुनच की रं. सायेब कशाला माती टाकील?”

मग तीच सांगत राहिली. १८७७ चं तिला काय माहीत असणार, ती १९७२ चं सांगत होती. पाझर तलावाचं काम, खडीचं काम, सुकडी. मस्टरावर नवऱ्याचं नाव होतं, हिचं नव्हतंच. दोघं राबायची, एकाचं नाव लागायचं. म्हणाली, “माझ्या हाताला घट्टं पडलं, पर कागदाला न्हाई पडलं.” हे मी वहीत लिहून घेतलं. आम्ही कविता करतो म्हणून मिरवतो, आणि ह्या बाया बोलताबोलता सांगून जातात.

१८७७ आणि १९७२. मधे पंचाण्णव वर्षं, एक राज्य गेलं, एक घटना आली, आणि टोपली तीच. फरक नाही असं मात्र मी म्हणणार नाही. बहात्तरच्या दुष्काळातनं रोजगार हमी उभी राहिली आणि १९७७ ला तिचा कायदा झाला. काम मागणं हा हक्क झाला. टेंपलच्या रत्तलानंतर बरोबर शंभर वर्षांनी. तो हक्क वरून पडला नाही. माणसं तहसिलीवर मोर्चे घेऊन गेली म्हणून झाला.

आता पाण्याचं. तळं भरलं, कालवे निघाले. कालव्याचं पाणी कुणाला? ज्याच्या वावरातनं कालवा जातो त्याला. ज्यानं खणलं त्याला मजुरी देऊन मोकळं केलेलं. महाराकडं असलीच तर वतनाची जमीन, आणि ती म्हणजे अख्ख्या गावाची चाकरी गळ्यात. बाबासाहेबांनी १९२८ ला मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचं बिल मांडलं ते उगीच नाही. वतनं गेली १९५८ च्या कायद्यानं. भूमिहीनांसाठी दादासाहेब गायकवाडांना १९५९ ला आणि पुन्हा १९६४ ला सत्याग्रह करावे लागले. पाणी जमिनीमागं जातं आणि जमीन जातीमागं. आष्टीचा हिरवा पट्टा बघताना हे डोळ्यापुढं ठेवलं की ऊस वेगळा दिसायला लागतो.

आणि प्यायचं पाणी? १९२३ च्या ऑगस्टात बोले ठराव झाला. सरकारी पैशानं बांधलेली, सरकारच्या ताब्यातली तळी, विहिरी अस्पृश्यांना खुल्या. आष्टीचं तळं सरकारी पैशाचं आणि आपल्या मातीचं, म्हणजे दोन्हीकडून आपलं. पण ठराव होऊन भागलं असतं तर २० मार्च १९२७ ला महाडला जावं लागलं नसतं. चवदार तळ्यावर आपण ओंजळ भरली. त्या तळ्यालाही कुणीतरी खणलं असणार ना? तळं खणणाऱ्याला तळ्याचं पाणी मागावं लागतं, ही आपल्या देशातली रीत आहे.

आता त्या प्रश्नाकडं येतो, जो चळवळीतल्या पोरांना टपरीवर अडवून विचारतात. “तुमची माणसं इंग्रजाकडून लढली, म्हणजे तुम्ही इंग्रजांचे काय?” काही पोरं चिडतात, काही इंग्रजांच्या आरत्या ओवाळायला लागतात. दोन्ही नको. आष्टीला जाऊन बघा. पेशवाई त्या माळावर मोडली, तिच्याबद्दल एक थेंब पाणी डोळ्यात येत नाही. गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू बांधायला लावणारं राज्य गेलं, बरं झालं. आणि ते मोडणाऱ्या साहेबाचंच राज्य साठ वर्षांनी त्याच माळावर एक रत्तल मोजून देत होतं. कोरेगावला आपली माणसं मेली, त्यांची नावं दगडावर कोरली, आणि १८९२ च्या सुमारास त्याच सरकारनं महारांना पलटणीत घेणं बंद केलं. गोपाळबाबा वलंगकरांना अर्ज करावा लागला, १९१० ला शिवराम जानबा कांबळ्यांना अर्ज करावा लागला. एक जानेवारी १९२७ ला बाबासाहेब कोरेगावला गेले, तेव्हा ही दारं बंद होती. स्तंभापुढं उभं राहण्यात साहेबाचे आभार नव्हते, ज्यांच्या जिवावर राज्य मिळवलं त्यांना फेकून दिल्याचा जाब होता. पुढं १९३० ला गोलमेज परिषदेत लंडनमध्ये, साहेबाच्याच घरात, त्यांनी तोंडावर विचारलं की तुमच्या राज्यात आमची अस्पृश्यता हललीय का? टपरीवरच्या माणसाला हे सांगा, आणि चहाचे पैसे त्याला द्यायला लावा.

कोरेगावला जाऊ नका असं मी म्हणत नाही. जावंच. पण तिथं बावीस नावं दगडावर आहेत म्हणून आपण जातो. जिथं नावं नाहीत तिथं कोण जाणार? मुंबई-पुण्याच्या सरकारी दप्तरखान्यात त्या काळच्या दुष्काळी कामांचे खंडच्या खंड पडलेत. आपली पोरं आता कॉलेजात शिकतात, एम. ए. करतात, त्यांनी ते उघडावेत. इंग्रजी येत नसेल तर दोघांनी मिळून वाचावं. मी डिक्शनरी घेऊनच वाचतो, लाज कसली.

ते होईल तेव्हा होईल. तोवर हातात आहे ते काम बहात्तरचं आहे, कारण बहात्तरची माणसं अजून पडवीत बसलेली सापडतात, आणि दरसाल कमी होतायत. माढा, मोहोळ, पंढरपूर, करमाळा इथल्या आपल्या पोरांनी आपापल्या वस्तीत जाऊन एका वहीत रकाने पाडावेत. नाव, बाईचं असेल तर बाईचंच नाव, नवऱ्याचं नको. काम कुठं. काम काय. मजुरी किती. मुकादम कोण गावचा. सुकडी मिळाली का, आणि वाढताना वेगळं बसवलं का. सुट्टीच्या दोन दिवसांत माझ्या वहीत अकरा नावं झाली. पहिलं माझ्या आजीचं, कामाच्या रकान्यात खडी फोडणं. शेवटचं आष्टीच्या आज्जीचं. तिनं सही केली नाही, अंगठा दिला. शाई नव्हती म्हणून बॉलपेननं अंगठा रंगवला, तो थोडा फिसकटलाय, पण उमटलाय.